मदत हवी आहे: निवृत्तीनंतर शिकारीसाठी जमीन, मिसूरी की विस्कॉन्सिन?

नमस्कार मंडळी. शिकागोजवळ राहतो, लवकरच निवृत्त होतोय. हरणांच्या शिकारीसाठी चाळीसेक एकर रान घेऊन तिथेच घर बांधायचं आहे. मिसूरीच्या ओझार्क भागात हिवाळा त्यामानाने सौम्य, शिवाय १० एकर किंवा जास्त जमीन असलेल्या स्थानिक रहिवाशाला हरणाचा परवाना मोफत. नैऋत्य विस्कॉन्सिनच्या टेकड्या मनात भरल्यात, पण २००२ पासून तिथल्या हरणांत सीडब्ल्यूडी हा जीवघेणा रोग आहे. मांस घरात शिजणार, म्हणून काळजी वाटते. (मिसूरीतही तो पोहोचलाय.) बायकोला हॉस्पिटल अर्ध्या तासावर हवं, आणि तिचं बरोबरच आहे.

कुणी अशी जमीन घेतली आहे का? रस्त्याचा कायदेशीर हक्क आणि बोअरचं पाणी खरेदीआधी कसं तपासलंत?