मदत हवी आहे: नव्या घरामागचं रान साफ करायला कुठलं मशीन घेऊ?

नवखा_मालक: गेल्या महिन्यात घर घेतलं, मागे नुसतं रान माजलंय, कंबरेच्या वर. एकदा कापून झालं, पंधरा दिवसांत परत जैसे थे. मशीन कुठलं घ्यावं पटकन सांगा, रविवारी सुरुवात करायचीय.

खुरपं: जागा केवढी? गवत की झुडपं? कापलं कशानं? मशीन काय डोळे मिटून सुचवायचं?

नवखा_मालक: दोन बॅडमिंटन कोर्ट मावतील. विळ्यानं कापलं. झुडपंही आहेत, आणि पांढऱ्या बारीक फुलांचं काहीतरी भरपूर.

कडूनिंब: ते गाजरगवत असणार. फुलावर असताना मशीन फिरवलंत तर बी अंगणभर. माती ओली असताना मुळासकट उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. मी अर्ध्या बाह्यांत उपटलेलं, कोपराखाली सगळं पुरळ, बाही होती तिथे काही नाही, रेघ मारल्यासारखं.

तणमुक्त: उपटत बसाल तर जन्म जाईल. ग्लायफोसेट तणनाशक मारा, विषय संपला.

खुरपं: कुठे संपला? ते पानांतून मुळाशी जातं. कापून पानंच ठेवली नाहीत तर जाणार कुठून? आणि विहीर, लहान मुलं, कुत्रं, काही विचारलंत का?

तणमुक्त: पानं फुटू द्यायची की मग! दहा वर्षं मारतोय, मला काही झालं नाही.

खुरपं: वा, झाला पुरावा.

हिरवळ: लॉन लावणार असाल तर सावली किती ते आधी बघा हं, आमचं भिंतीकडचं सगळं पिवळं पडलं 😔

खुरपं: लॉनचं कोणी विचारलंय?

नवखा_मालक: भांडू नका हो. आज एक गवत उपटून बघितलं तर खाली काळ्या गाठी, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या. अर्ध्या तुटून मातीतच राहिल्या.

कडूनिंब: हे आधी सांगायचं ना! लव्हाळा आहे, म्हणूनच पंधरा दिवसांत जैसे थे. राहिलेल्या गाठीतून परत कोंब येतो, मशीन वरवरचं कापणार. खणून गाठी वेचा, नंतरही कोंब दिसला की काढत राहा, एका मोसमात नाही व्हायचं. झुडपांपुरता ब्रश कटर भाड्यानं आणा, जाड खोडाला नायलॉन दोरी नको, लोखंडी पातं, आणि डोळ्यांना गॉगल. गमबूट घाला, काठी आपटत एकाच बाजूनं पुढे सरका, साप असला तर त्याला पळायला वाट राहू दे.

नवखा_मालक: बरं, मशीन राहू दे. काठी आपटत कोपऱ्यापर्यंत आलोय, गवताखाली सिमेंटचं चौकोनी झाकण निघालं, मधोमध तडा गेलाय. कशाचं असेल? आत्ता त्यावरच उभा राहून टाइप करतोय, रेंज इथेच येते.

कडूनिंब: आधी खाली उतरा.