प्युअर डेटाच्या एक्स्टर्नल लायब्ररी सहा मशीनवर सारख्या कशा ठेवायच्या? (तानपुऱ्याचा पॅच, ग्वाल्हेर)

तंबोरा_लष्कर
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याजवळ माझ्या आत्याचा गाण्याचा क्लास आहे. रियाजासाठी तानपुऱ्याचा एक पॅच वापरतो, म्हणजे प्युअर डेटात (पीडी, डबे रेघांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर) केलेली जोडणी. 2012 साली दादाने तो पीडी-एक्स्टेंडेडमध्ये (लायब्ररींसकट येणारं पीडी) बांधला, आता दादा परदेशात आणि पॅच माझ्याकडे. एक्स्टेंडेड केव्हाच बंद पडलंय, म्हणून व्हॅनिला, म्हणजे मूळ साधं पीडी, घातलं. माझ्या लॅपटॉपवर पॅच चालतो. क्लासातल्या मशीनवर उघडला की अर्धे डबे तुटक रेघांचे दिसतात आणि खाली ‘कुडन्ट क्रिएट’.

मशीन अशी: विंडोजची चार (दोन खूप जुनी), एक रास्पबेरी पाय, एक माझा लिनक्स लॅपटॉप. क्लासात इंटरनेट जेमतेम. पॅचमध्ये सायक्लोन, झेक्सी, फ्रीव्हर्ब आणि मी नंतर घातलेलं एल्स या एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून जोडायच्या लायब्ररी आहेत. गुरुपौर्णिमेआधी सगळीकडे एकच आवाज हवा. तुम्ही लायब्ररी कशा सांभाळता? कुठली पद्धत टिकते?

मुरारकर
आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या लॅपटॉपवर पॅच खरोखर चालतो, की नुसता चालल्यासारखा दिसतो? पीडीत एखादं ऑब्जेक्ट (डबा) एकदा लोड झालं की ते नाव पीडी बंद करेपर्यंत सगळ्या पॅचना मिळतं. सकाळी दुसऱ्या पॅचने सायक्लोन ओढलं असेल, तर दुपारी तानपुरा त्याच्यावर फुकट चालतो. शिवाय प्रेफरन्समध्ये वर्षानुवर्षांचे पाथ साठलेले असतात. पीडी पूर्ण बंद करा, टर्मिनलमधून ‘-नोप्रेफ्स’ लावून सुरू करा आणि फक्त हाच पॅच उघडा. जे तुटेल ती तुमची खरी यादी.

दुसरं, दादाच्या पॅचमध्ये ‘इम्पोर्ट’ नावाचं ऑब्जेक्ट असणार. ते एक्स्टेंडेडचं. व्हॅनिलात त्याच्या जागी ‘डिक्लेअर’ लागतं, ‘-पाथ’ किंवा ‘-लिब’ देऊन. झेक्सी, सायक्लोन, जे लागतं ते पॅचच्या माथ्यावर लिहून ठेवा. पुढच्या माणसाला उघडल्याबरोबर कळतं.

खरज
काका म्हणतात ते बरोबर, पण मी त्याच्याही आधी काट मारेन. जी लायब्ररी लागतच नाही ती सांभाळावी लागत नाही.

सायक्लोनचं ‘प्रीपेंड’ कशाला? व्हॅनिलाच्या ‘लिस्ट प्रीपेंड’खाली ‘लिस्ट ट्रिम’ जोडा. ‘स्केल’चं काम एका ‘एक्स्प्र’मध्ये होतं. घुमाऱ्यासाठी फ्रीव्हर्बऐवजी पीडीबरोबरच येणारं ‘रेव्ह3~’ ऐकून पाहा. आवाज तोच नाही, पण तंबोऱ्याच्या मागे मला तरी ते जास्त शांत वाटतं.

आणि तार तर व्हॅनिलात उत्तम होते. ‘डेलराइट~’मधून फिरणारा फीडबॅक, मध्ये हलका लोपास (वरचे सूर दाबणारा फिल्टर). फीडबॅकमध्ये एका ब्लॉकपेक्षा (पीडी एका वेळी हाताळतं तेवढे सॅम्पल) कमी डिले मिळत नाही हे खरं. 64 सॅम्पल म्हणजे 44100 वर सुमारे 1.45 मिलिसेकंद. पण काळी चारचा सा 207.65 हर्ट्झ, त्याला 4.8 मिलिसेकंद लागतात, खरजाला 9.6. भरपूर जागा आहे. फक्त साधं ‘डेलरीड~’ वापरू नका, ते पूर्ण सॅम्पलवर जातं. याच सा ला 212.4 सॅम्पल हवेत आणि मिळतात 212, म्हणजे सुमारे तीन सेंटचा फरक (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जोडीच्या तारांत तो ऐकू येतो, ग्वाल्हेरच्या कानाला तर नक्की. ‘डेलरीड4~’ घ्या, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव ‘व्हीडी~’.

तंबोरा_लष्कर
खरज ताई, हे तीन सेंटचं वाचून अंगावर काटा आला. आत्या कधीपासून म्हणतेय की जोड लागत नाही, आणि मी स्पीकर बदलत बसले होते.

काका, -नोप्रेफ्स लावल्यावर माझ्याकडेही सात डबे तुटले.

दौलतगंज
काढून टाकल्यावर जे उरेल त्यासाठी डेकेन, लायब्ररी शोधून उतरवायचं साधन. पीडी 0.47 पासून ते आतच आहे, मेनूत ‘फाइंड एक्स्टर्नल्स’. नाव टाका, इन्स्टॉल करा. डेबियन किंवा रास्पबेरी पायवर ॲप्टमधूनही पीडी-झेक्सी, पीडी-सायक्लोन मिळतात, पण आवृत्ती डेकेनपेक्षा मागे असू शकते. सहा ठिकाणी एकच हवं असेल तर दोन वाटांची सरमिसळ नको.

तुमच्या जुन्या विंडोजसाठी महत्त्वाचं. पॅकेजच्या नावात कंसात तीन भाग असतात: सिस्टिम, प्रोसेसर आणि शेवटी एक आकडा, बहुतेक वेळा 32. तो 32 मशीनचा नाही. पीडी आतले आकडे 32 बिटांत ठेवतं, त्याचा आहे. 64 बिटच्या साध्या पीडीसाठीही ‘विंडोज-एएमडी64-32’च लागतं. जुन्या मशीनला ‘विंडोज-आय386-32’. आणि बघायचं ते विंडोज नव्हे, पीडी किती बिटचं घातलंय ते. 64 बिट विंडोजवर 32 बिट पीडी असेल तर एक्स्टर्नलही 32 बिटच. पायलाही हेच, त्यावरची सिस्टिम 32 बिट असेल तर ‘आर्मव्ही7’, 64 असेल तर ‘आर्म64’.

इंटरनेट नसलं तरी अडत नाही. डॉट डेक फाइल म्हणजे झिपच. घरी उतरवा, पेनड्राइव्हवर न्या.

मुरारकर
मी तर म्हणतो क्लासासाठी डेकेनवरही विसंबू नका. पॅचच्या फोल्डरमध्येच ‘लिब’ असं फोल्डर करा, त्यात उरलेल्या लायब्ररी ठेवा, ‘डिक्लेअर -पाथ लिब/सायक्लोन’ असं लिहा. अख्खं फोल्डर उचललं की पॅच चालला पाहिजे. बायनरीचं एक्स्टेन्शन सिस्टिमप्रमाणे वेगळं असतं, त्यामुळे लिनक्स आणि विंडोजच्या फाइली शेजारी नांदतात. फक्त 32 बिट विंडोज आणि पायसाठी वेगळ्या प्रती करा, तिथे नावं भिडतात.

दौलतगंज
काका, यात एकच शंका. दोन वर्षांनी सायक्लोनमधली चूक सुधारली जाईल आणि या फोल्डरमध्ये जुनंच राहील.

मुरारकर
राहू दे. रियाजाच्या वेळी नवं नको, कालच्यासारखंच हवं. लायब्ररीचा परवाना आणि आवृत्ती वाचा-फाइलमध्ये लिहून ठेवली की झालं. झेक्सी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, ते वाटताना सोर्सही द्यायचा असतो.

खरज
एल्स आणि सायक्लोन दोन्ही ठेवणार असाल तर ‘काउंटर’ सांभाळा. दोन्हींत आहे आणि वागणं वेगळं. पाथमध्ये जे आधी सापडेल ते लोड होतं, चूक काही दिसत नाही, तारा भलत्याच क्रमाने वाजतात. ‘सायक्लोन/काउंटर’ असं पूर्ण नाव लिहा.

तंबोरा_लष्कर
मंडळी, काल रात्री बसून केलं. झेक्सी गेलं, एल्स गेलं, फ्रीव्हर्ब गेलं. सायक्लोनचं एक ‘काउंटर’ ठेवलं होतं, तेही ‘फ्लोट’ आणि ‘मॉड’ लावून काढलं. म्हणजे आता लिब फोल्डर रिकामं! पेनड्राइव्हवरून चारही विंडोज आणि पायवर उघडला, कुठेच तुटका डबा नाही.

आता चारी तारा मी अ‍ॅब्स्ट्रॅक्शन (डब्यासारखा वापरता येणारा वेगळा पॅच) म्हणून वेगळ्या काढल्यात. इतर क्लासना देता याव्यात म्हणून त्यांचंच डेकेन पॅकेज करता येईल का? कंपाइल काही नाही.

दौलतगंज
येईल, आणि तुमचं सगळ्यात सोपं. नुसती अ‍ॅब्स्ट्रॅक्शन असली की नावात सिस्टिमचा कंस लागतच नाही, एकच फाइल सगळीकडे चालते. फोल्डरमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टची ‘-हेल्प’ फाइल, परवाना आणि वाचा-फाइल ठेवा, मग कमांडलाइनवरून ‘डेकेन पॅकेज’, आवृत्ती देऊन. चढवायला प्युअरडेटा डॉट इन्फोवर खातं लागतं.

हेल्प फाइलमध्ये पंचम-मध्यमाची अदलाबदल दाखवा. मालकंसाला बसणारा माणूस आधी तेच शोधणार.

तंबोरा_लष्कर
दाखवते. आत्याने आज सकाळी काळी चारवर लावून जोड ऐकली, दहा मिनिटं काही बोलली नाही, मग गायलाच बसली.