उ: कॅनडात सुट्ट्या लोकांना विचारून ठरतात का?

सरकार सुट्ट्या परस्पर ठरवतं, लोकांना कोण विचारतंय, असं इथे कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा फॅमिली डे बघा, म्हणजे कुटुंबासोबत वेळ घालवायला दिलेली फेब्रुवारीतली सुट्टी. २०१२ मधे सरकारने ऑनलाइन मतं मागवली, फेब्रुवारीचा दुसरा सोमवार हवा की तिसरा, आणि लोकांनी दुसरा निवडला कारण तिसऱ्या सोमवारी शेजारच्या अल्बर्टा प्रांतात आणि अमेरिकेतही सुट्टी असते, मग स्कीइंगला ही गर्दी! २०१३ पासून सुट्टी सुरू झाली, पण मुलगी अल्बर्टातल्या कॅलगरीत आणि आईबाबा ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँकुव्हरला असतील तर दोघांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यात, नाव फॅमिली डे आणि फॅमिलीच एकत्र नाही. तक्रारी आल्या, शेवटी २०१९ पासून ती तिसऱ्या सोमवारी नेली. मला हे फार आवडतं, लोकांचं मत बदललं तर सरकारनेही बदलावं.

मॅनिटोबा प्रांतात तर त्याच दिवसाला, तो प्रांत स्थापन करण्यात पुढे असलेल्या मेटी नेत्याच्या नावावरून, लुई रिएल डे म्हणतात, हे नाव शाळेच्या मुलांनी सुचवलेलं. मात्र ही सुट्टी प्रांतांची, केंद्राची नाही, त्यामुळे शाळा बंद असताना पोस्टमन बर्फातून घरोघरी टपाल टाकत फिरतो. त्यांनाही घरी पोरंबाळं आहेत ना, त्यांना सुट्टी मिळायलाच हवी.