असेंब्ली उघडायला वीस मिनिटं, कुणीतरी सोडवा

चाकणचा पाना: सोमवारी कस्टमरचा डिझाइन रिव्ह्यू आहे आणि मशीनची असेंब्ली (सगळे पार्ट जोडून केलेलं थ्रीडी मॉडेल) उघडायला वीस मिनिटं लागतायत. एक मेट (दोन पार्टची जोडणी) दिला की गोल फिरत बसतं, तेवढ्यात चहा पिऊन होतो. शेठनी मागच्याच महिन्यात नवीन मशीन घेतलंय, 32 जीबी रॅमचं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू 6 टक्के, म्हणजे लोडच नाही. सगळ्या सेटिंग करून झाल्या. लवकर सांगा.

भोसरीचा भोंगा: सॉफ्टवेअर कुठलं? पार्ट किती? फाइल ठेवलीय कुठे? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणताय.

रेघोट्या: पर्ज मारा, मग ऑडिट, मग ओव्हरकिल. आमच्या सोसायटीच्या लेआउटची फाइल 80 एमबीवरून 6 वर आली.

चाकणचा पाना: अहो, सॉलिडवर्क्स! ऑटोकॅड कोण म्हणालं? एसपीएम, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन आहे, 3,800 च्या आसपास पार्ट.

रेघोट्या: सॉलिडवर्क्स तरी कुठे म्हणालात?

जीपीयू भक्त: गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढा, सर्टिफाइड ड्रायव्हरवालं टाका. माझं मॉडेल आता लोण्यासारखं फिरतं.

जुना ड्राफ्ट्समन: फिरवताना अडखळलं तर कार्ड बघायचं. मेट दिल्यावर थांबतंय म्हणजे रिबिल्ड, मॉडेलचं गणित पुन्हा सुटतंय, तिथे कार्ड काय करणार? आणि 6 टक्क्यांना लोड नाही म्हणू नका. 16 थ्रेडच्या (एका वेळी 16 कामं घेणाऱ्या) प्रोसेसरचा एकच थ्रेड पूर्ण भरला तर आकडा सव्वासहाच दिसतो. आधीचं फीचर सुटल्याशिवाय पुढचं सुटत नाही, म्हणून बाकीचे थ्रेड बऱ्याचदा हातावर हात ठेवून बसतात. कोअर मोजण्यापेक्षा गिगाहर्ट्झ बघा.

जीपीयू भक्त: नवीन आवृत्त्यांत कार्डावर बरंच काम टाकलंय, काका.

जुना ड्राफ्ट्समन: चित्र काढायचं. गणित करायचं नाही.

मुक्तछंद: फ्रीकॅडवर या. लायसन्सची कटकट नाही.

भोसरीचा भोंगा: 3,800 पार्ट घेऊन? सोमवारच्या आत? नमस्कार.

पाना, इव्हॅल्युएट टॅबवर परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन आहे, ते चालवा. कुठला पार्ट उघडायला किती वेळ घेतो, स्क्रीनवर दाखवायला कुणात किती ट्रँगल लागतात, सगळं दिसेल.

चाकणचा पाना: चालवलं. केबल चेन सगळ्यात वर, मग बोल्ट, मग एका नॉबचं नर्लिंग (पकडीसाठीची खडबडीत नक्षी). चेन व्हेंडरच्या साइटवरून स्टेप फाइल घेतलेली, लिंकन् लिंक वेगळी आहे. बोल्टना ट्रेनी पोरानं हौसेनं हेलिक्स घेऊन आटे पाडलेत. छान दिसतात मात्र.

कॅडकाकू: दिसणारच! ते आटे डिलीट करून कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आट्यांची नुसती खूण द्या, ड्रॉइंगला तेवढं पुरतं. नर्लिंग सप्रेस (तात्पुरतं बंद) करा, नोटमध्ये लिहा. चेन तुम्ही बनवणार नाही, विकत आणणार. तिची असेंब्ली पार्ट म्हणून सेव्ह करा, फक्त बाहेरचे फेस ठेवून. मूळ फाइल बाजूला राहू दे. आणि फाइल कुठे ठेवलीय या प्रश्नाला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.

चाकणचा पाना: सर्व्हरवर. सगळ्यांच्याच असतात ना?

कॅडकाकू: अरे देवा. प्रत्येक पार्ट नेटवर्कवरून येतोय. पॅक अँड गो करून सगळ्या फाइल एकत्र स्वतःच्या एसएसडीवर घ्या. पण आधी ऑफिसात सांगा, नाहीतर दुसरा कुणीतरी सर्व्हरवरच्या फाइलमध्ये बदल करेल आणि मंगळवारी खरी कुठली यावर भांडण.

जुना ड्राफ्ट्समन: कस्टमरला नुसतं दाखवायचं असेल तर लार्ज डिझाइन रिव्ह्यूमध्ये उघडा, पार्ट पूर्ण लोड न करता दिसतं.

जीपीयू भक्त: कार्ड कुठलं ते अजून सांगितलं नाही.

चाकणचा पाना: आता चार मिनिटांत उघडतंय! पण मेट दिला की अजून दहा-बारा सेकंद थांबतं.

जुना ड्राफ्ट्समन: सबअसेंब्ली, म्हणजे पार्टचे छोटे गट, किती आहेत? वरच्या लेव्हलला मेट किती? ते सगळे एकदम सुटतात.

चाकणचा पाना: सबअसेंब्ली नाहीत. सगळं एकाच ट्रीमध्ये आहे, शोधायला सोपं पडतं.

भोसरीचा भोंगा: मी चहा घेऊन येतो.

रेघोट्या: सगळे जमलेच आहात तर, ऑटोकॅडमध्ये मराठी टाइप केलं की चौकोन दिसतात. काय करू?