चालू लागला म्हणजे बरा झाला का?
डोक्याला मार लागलेला रुग्ण चालू-बोलू लागला की तो बरा झाला, हे मत मला पटत नाही. माझा धाकटा भाऊ अपघातानंतर सहा महिन्यांत सोलापूरच्या आमच्या कारखान्यात परतला खरा, पण यंत्रमागांच्या खडखडाटात त्याला दहा मिनिटेही थांबवत नाही, आणि चादरीची घडी घालताना पुढची घडी कोणती हेच विसरून तो ती हातात तशीच धरून उभा राहतो. घरचे त्याला आळशी म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण हा त्रास इजेचाच भाग आहे. मेंदूच्या इजेनंतर रुग्ण कितपत सुधारला हे मोजणारी १९७५ मधील ग्लासगो आउटकम स्केल ही मोजपट्टी मृत्यूपासून चांगल्या सुधारणेपर्यंत पाचच पायऱ्या सांगते. याउलट मेंदूच्या इजेनंतरचे जीवनमान मोजणाऱ्या क्वॉलिब्री या ३७ प्रश्नांच्या प्रश्नावलीत स्मरणशक्ती, नातेसंबंध, एकटेपणा यांविषयी रुग्णालाच विचारले जाते. आपल्या डॉक्टरांनीही तपासणीत निदान एवढे तरी विचारावे.