मदत हवी आहे: जुनं 'सेटल्ड' लोन, आता होम लोन अडलंय

नमस्कार मंडळी, नाशिकला पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितलाय पण होम लोन अडलंय. २०१९ मध्ये अंबडचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा एका बँकेचं पर्सनल लोन सेटल केलं होतं, साधारण ८० हजार बँकेने सोडले. त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही, क्रेडिट कार्डही वेळेवर भरतो, तरी सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुण) ६९० च्या आसपासच आहे.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ या चारही क्रेडिट ब्युरोंचे (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) रिपोर्ट काढले (वर्षातून एकदा फुकट मिळतात, माहीत नसेल तर काढून ठेवा), सगळीकडे त्या खात्यापुढे 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलेलं) आणि 'राइट ऑफ अमाउंट' (बँकेने सोडलेली रक्कम) दिसतंय. सेटलमेंट लेटर आहे माझ्याकडे, माहिती चुकीची नाही म्हणून डिस्प्यूट (ब्युरोकडे दुरुस्तीची तक्रार) टाकून उपयोग नाही. बँकेत गेलो तर म्हणतात उरलेले पैसे भरा, एनओसी (काही बाकी नसल्याचं पत्र) देतो आणि 'क्लोज्ड' करतो, पण लेखी द्यायला तयार नाहीत. एजंटला पैसे देऊन स्कोअर वाढवायचा नाहीये, प्लीज तसले नंबर देऊ नका.

एवढ्या वर्षांनी उरलेली रक्कम भरून कोणाचं स्टेटस खरंच बदललंय का, आणि त्यानंतर होम लोन मिळालं का, की ती एन्ट्री कधी निघते का याची वाट बघणं बरं?