मदत हवी आहे: जर्मनीतल्या ‘बेशेफ्टिगुंग्सडुल्डुंग’चा (नोकरीच्या आधारावर परत पाठवण्यापासून मिळणारं संरक्षण) कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, मी श्टुटगार्टजवळ राहते. प्रश्न माझा नाही, आमच्या बेकरीत पहाटेच्या पाळीला असणाऱ्या गांबियाच्या सहकाऱ्याचा आहे. तो २०२१ मध्ये इथे आला. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला आणि आता हातात फक्त डुल्डुंग, म्हणजे परत पाठवणं तात्पुरतं थांबवल्याचा कागद. पाठवणीची टांगती तलवार तशीच.

मी वाचलं ते असं: परदेशी नागरिकांच्या निवास कायद्यातल्या कलम ६०ड प्रमाणे, ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत आलेल्या नोकरदाराला ३० महिन्यांचं संरक्षण मिळू शकतं. किमान १२ महिने डुल्डुंग, १२ महिने आठवड्याला किमान २० तासांची विमापात्र नोकरी, स्वतःच्या कमाईवर घर आणि जुजबी जर्मन बोलता येणं, हे सगळं त्याच्याकडे आहे.

अडलंय ते ओळखीपाशी. ओळख ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत सिद्ध व्हायला हवी होती आणि त्याचा पासपोर्ट आला २०२५ मध्ये. पासपोर्टसाठी केलेले अर्ज, ईमेल, प्रवासाची तिकिटं त्याने जपून ठेवली आहेत. मुदतीच्या आत शक्य ते सगळे प्रयत्न केले असतील आणि उशिरात त्याचा दोष नसेल, तर कायद्याप्रमाणे मुदत पाळली असंच धरलं जातं.

असा उशीर कोणाच्या बाबतीत मान्य झाला आहे का? सोबत काय काय जोडलं होतं? मालकाचं पत्र उपयोगी पडतं का? ते लिहून द्यायला आमचे मालक तयार आहेत. कमी पैशांत सल्ला देणारा चांगला वकील माहीत असेल तर कृपया मला मेसेज करा. सध्याच्या कागदाची मुदत तीन आठवड्यांत संपतेय. माणूस फार कष्टाळू आहे हो, रात्री झोपत नाही.